कागद कोणाच्या कपाटात: जळगावातलं एक प्रकरण

एप्रिल २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, एक बाई आमच्या समुपदेशन केंद्रात आली. जळगावात त्या दिवसांत बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कोणी पाहू नये म्हणून तिने मुद्दाम ती वेळ निवडली होती. तिशीतली, दोन मुलांची आई, सिंधमधून आलेली, पाकिस्तानी पासपोर्टवर दीर्घ मुदतीचा व्हिसा घेऊन इथे राहणारी. सोबत शेजारीण होती. मारहाणीबद्दल त्या दिवशी ती अवाक्षर बोलली नाही. तिने एवढंच विचारलं, “दीदी, मुझे बच्चों के बिना वापस भेज देंगे क्या?”

२२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला होता. पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द, अटारीची सीमा बंद, या बातम्या दिवसभर टीव्हीवर चालू होत्या. तिच्या नवऱ्याने त्या बातम्यांचा अर्थ तिला स्वतःच्या सोयीने सांगितला: तुझा व्हिसा गेला, मुलं माझ्या फाइलवर आहेत, तोंड उघडलंस तर एकटी परत जाशील. खरं तर परराष्ट्र मंत्रालयाने २४ एप्रिललाच खुलासा केला होता की पाकिस्तानी हिंदूंना आधी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम आहेत. हा खुलासा तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तिला देवनागरी वाचता येत नाही, फोन नवऱ्याचा, आणि घराबाहेर जायचं ते दुकानातून साड्या आणायला.

या लेखात तिचं नाव नाही, बदललेलं नावही नाही. जळगावच्या सिंधी समाजात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि नुकत्या आलेल्या कुटुंबांत तर कोणाच्या घरी काय शिजलं हेही ठाऊक असतं. म्हणून मुलांची वयं, नवऱ्याचं काम आणि काही तारखा बदलल्या आहेत. लिहिलेलं सगळं तिला हिंदीतून वाचून दाखवलं आहे, आणि तिच्या सांगण्यावरून दोन गोष्टी गाळल्या आहेत.

आधीची हकिकत

खानदेशाला सिंधी माणूस नवा नाही. फाळणीनंतर जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव इथे सिंधी वस्त्या उभ्या राहिल्या. त्या पिढीची नातवंडं आज अस्सल खानदेशी मराठी बोलतात. पण सिंधमधून येणं १९४७ ला थांबलं नाही. नातेवाइकांच्या आधाराने, कधी यात्रेच्या तर कधी भेटीच्या व्हिसावर कुटुंबं येत राहिली आणि इथे येऊन दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करत राहिली. हे कुटुंब त्यांपैकीच. तिचं लग्न २०१३ मध्ये उत्तर सिंधमधल्या एका गावात झालं. २०१७ मध्ये सासू-सासरे, थोरला दीर, जाऊ, नवरा आणि तीन वर्षांची मुलगी यांच्यासोबत ती अटारीमार्गे आली. मुलगा जळगावात जन्मला.

या तारखा सांगण्याचं कारण आहे. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीचा लाभ ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना आहे. हे कुटुंब त्यात बसत नाही. इथे जन्मलेला मुलगाही जन्माने भारतीय होत नाही, कारण आई-बाप दोघेही परदेशी नागरिक आहेत. महापालिकेचा जन्मदाखला हातात असला म्हणजे मूल भारतीय झालं, असं अनेक कुटुंबं धरून चालतात. ही बाईही तसंच समजत होती, आणि तिचा नवरा तिला सांगायचा की मुलगा भारतीय आहे म्हणून कोर्ट तो मलाच देईल.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. अशा कुटुंबांचं इथलं सगळं आयुष्य दीर्घ मुदतीच्या व्हिसावर उभं असतं. २०१६ पासून या व्हिसावर बँकेत खातं उघडता येतं, आधार आणि पॅन मिळतं, स्वतःचा छोटा धंदा करता येतो, राहण्यापुरतं घर घेता येतं, राज्याच्या आत फिरता येतं. त्याबदल्यात मुदत संपण्याआधी नूतनीकरण, पत्ता बदलला तर कळवणं, आणि स्थानिक भारतीय नागरिकाचं हमीपत्र. अर्ज ऑनलाइन होतो. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी पाहणारे अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक.

एवढी यंत्रणा एखाद्या घरात कोणाच्या हातात असते, ते पाहिलं की पुढचं सगळं समजतं. चौघांचे पासपोर्ट थोरल्या दिराच्या कपाटात. ऑनलाइन अर्जाला नवऱ्याचा ई-मेल आणि नवऱ्याचा मोबाइल. हमीपत्र नवऱ्याच्या चुलत मामाचं. तिच्या नावाचं आधार कार्ड होतं, पण ते तिने शेवटचं कधी पाहिलं ते तिला आठवत नव्हतं. ती साड्यांना फॉल-पिको करायची, सणासुदीला चांगली कमाई व्हायची. पैसे दुकानदाराकडून थेट नवऱ्याच्या फोनवर जमा व्हायचे.

मार लग्नानंतर वर्षभरातच सुरू झाला होता. इथे आल्यावर तो वाढला. त्याचं कारण तिने फार शांतपणे सांगितलं: तिकडे माझे भाऊ होते. आता एक भाऊ इंदूरला आहे, तोही दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, आणि त्याची स्वतःचीच फाइल अडकलेली. आईला तिने अनेक वर्षांत पाहिलेलं नाही.

पहिल्या भेटींमध्ये काय केलं

तिचा प्रश्न व्हिसाचा होता, म्हणून उत्तरही आधी त्याचंच दिलं. मंत्रालयाचा खुलासा शब्द न शब्द वाचून हिंदीत सांगितला. व्हिसा प्रत्येकाच्या नावाने असतो, नवऱ्याच्या तोंडी सांगण्याने बायकोचा रद्द होत नाही, हे सांगितलं. ते ऐकल्यावर ती पाणी प्यायली आणि मग दंडावरचे वळ दाखवले. माझं ठाम मत आहे की अशा प्रकरणात समुपदेशकाने हिंसेचा तपशील आधी काढू नये. ज्या बाईला आपल्याला देशाबाहेर घालवतील अशी भीती आहे, तिच्यासाठी नवऱ्याचा हात ही त्या दिवसाची दुसरी काळजी असते. पहिली सुटली की दुसरी ती आपणहून सांगते.

दुभाष्याचा प्रश्न नाजूक होता. तिची हिंदी कामापुरती. दुखलं-खुपलं ती सिंधीत बोलायची. वस्तीतली एखादी जुनी सिंधी बाई बोलावणं सोपं होतं, आणि तेच टाळायचं होतं. दुसऱ्या शहरातल्या एका निवृत्त सिंधी शिक्षिकेला फोनवर घेतलं, नाव-गाव न सांगता. ही बाई त्या शिक्षिकेला ‘अदी’ म्हणायची, म्हणजे ताई. त्या फोनवर पहिल्यांदा गळा दाबल्याची गोष्ट निघाली. मार्चमध्ये, मुलीसमोर.

इथे आम्ही प्रकरणाचा दर्जा बदलला. गळा दाबण्याचा प्रकार एकदा झालेला असेल तर पुढे जिवावर बेतण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे अभ्यासांतून स्पष्ट दिसलं आहे. बायका मात्र हे सांगत नाहीत, कारण खूण राहत नाही आणि दोन दिवसांत आवाज परत येतो. म्हणून आम्ही थेट विचारतो: आवाज घोगरा झाला होता का, गिळताना दुखलं का, डोळ्यांत लाल ठिपके आले का, नकळत लघवी झाली का, काही क्षण काही आठवत नाही असं झालं का. तिने यातल्या तीन प्रश्नांना हो म्हटलं.

तरी ती घर सोडायला तयार नव्हती, आणि तिची कारणं पोकळ नव्हती. पोलिसांत जावं तर व्हिसाची फाइल त्याच कार्यालयात. नवऱ्यावर गुन्हा नोंदला तर नूतनीकरणाच्या वेळी चौकशीत तो येणार, आणि मुलांचे कागद बापाच्या कागदांशी बांधलेले. शिवाय त्या दिवसांत पोलीस घरोघरी पाकिस्तानी नागरिकांची पडताळणी करत होते. वस्तीत प्रत्येक जण धास्तावलेला. अशा वेळी एका घरातून तक्रार गेली तर सगळ्यांवर नजर येईल, हे तिला सासूने ऐकवलं होतं आणि तिलाही ते पटत होतं. इंदूरला भावाकडे जावं तर राज्य बदलतं, आणि राज्य बदललं की व्हिसाचे कागद रीतसर तिकडे वर्ग करून घ्यावे लागतात. न कळवता गेली तर नवऱ्याला हवं तेच तिच्या हातून घडलं असतं.

सुरक्षा आराखडा तिच्यासोबत बसून केला. कौटुंबिक हिंसाचाराच्या नियमांतला नमुना ५ त्यासाठीच आहे, पण तो भरून ठेवण्यापुरता वापरला जातो असं मी अनेकदा पाहिलं आहे. त्यातला प्रत्येक प्रश्न घरातल्या खऱ्या दारा-खिडक्यांना लावून विचारावा लागतो. शिलाई मशीन मागच्या खोलीत आहे, तिथून बाहेर जाता येत नाही. भांडण पेटलं की तिने पुढच्या खोलीत यायचं ठरलं. मुलीने शेजारी जायचं, भावाला घेऊन, काही न बोलता. शेजारणीला ‘ती मोरपंखी साडी झाली का’ असा निरोप आला की ११२ ला फोन करायचा. शेजारीण अमळनेरकडची, तीन मुलांना एकटीने वाढवलेली बाई. ती आमच्यासमोर तिला म्हणाली, “घाबरू नको वं बहीन, मी शे ना.” आराखड्यातला सगळ्यात भरवशाचा भाग ती शेजारीणच होती.

कागदांसाठी वेगळा आराखडा होता. मूळ कागद उचलायचे नाहीत हे ठरवलं. ते गायब झालेले दिसले असते तर मार ठरलेला होता. त्याऐवजी दिराच्या घरी पूजेच्या दिवशी सगळी गडबडीत असताना तिने जावेच्या मदतीने चौघांच्या पासपोर्टची पहिली पानं, व्हिसाची पानं आणि अर्जाचे क्रमांक यांचे फोटो काढले. जाऊ मदत करेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पुढेही ती उघडपणे कधी बोलली नाही, पण ते फोटो तिच्याच फोनवरून आले.

मे महिन्यातली रात्र आणि नंतर

मेच्या मध्यावर निरोप आला. शेजारणीने ११२ ला फोन केला, पोलिसांची गाडी आली, बाई आणि दोन्ही मुलं त्याच रात्री सखी वन स्टॉप सेंटरला, म्हणजे हिंसा झालेल्या स्त्रियांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, पोचली. सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे पीडितेने मागणी केल्यावर रुग्णालयाने उपचार द्यायचेच असतात, आणि कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे हिंसेची सरकारी नमुन्यातली नोंद, आधी झालेला नाही म्हणून अडवता येत नाही. मानेवरची सूज आणि डोळ्यांतले ठिपके डॉक्टरांनी नोंदवून घेतले. आम्ही सोबत नसतो तर ही नोंद ‘किरकोळ मारहाण’ एवढीच झाली असती अशी मला शंका आहे. गळ्याबद्दल मुद्दाम सांगावं लागतं.

वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस राहता येतं. त्या पाच दिवसांत तिला निर्णय घ्यायचा होता, आणि तो तिनेच घेतला. गुन्हा नको, संरक्षण हवं, खर्च हवा, मुलं हवीत, कागद हवेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली नवऱ्याने केलेल्या छळाची तक्रार करण्याचा मार्ग खुला राहतो आणि त्याला तीन वर्षांची मुदत असते, हे तिला सांगून ठेवलं. काही सहकाऱ्यांना वाटलं की गळा दाबल्यावर फौजदारी तक्रारच करायला हवी होती. मला ते पटत नाही. तिचं गणित ती आपल्यापेक्षा जास्त जाणत होती, आणि त्या गणितात दोन मुलांचा इथे राहण्याचा हक्क होता.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा नागरिकत्व विचारत नाही. पीडित व्यक्ती म्हणजे प्रतिवादीशी कौटुंबिक नातं असलेली आणि त्याच्याकडून हिंसा झाल्याचं सांगणारी कोणतीही स्त्री, एवढीच त्याची व्याख्या. मोफत वकिलाचंही तसंच: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्री असणं हीच पात्रता आहे, उत्पन्नाची अटही नाही. तरीही ‘पाकिस्तानी’ हा शब्द ऐकला की टेबलापलीकडचा माणूस थबकतो. ‘यांना हा कायदा लागू होतो का, वरून विचारून सांगतो’ हे वाक्य आम्ही एकापेक्षा जास्त ठिकाणी ऐकलं. त्यावर उपाय म्हणून व्याख्येच्या कलमाची प्रत, अधोरेखित करून, तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावून टाकली. वाद घालत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी कौटुंबिक घटना अहवाल केला, कलम १२ खाली अर्ज दाखल झाला आणि सोबत कलम २३ खाली तातडीच्या आदेशाची मागणी. शपथपत्र मराठीत होतं. ते तिला हिंदीत आणि फोनवर सिंधीत समजावून सांगितलं, तसं खाली लिहिलं, आणि तिने सिंधी लिपीत सही केली. पहिल्याच आदेशात नवऱ्याला तिच्याशी कोणत्याही प्रकारे संपर्क करायला मनाई झाली, मुलांचा तात्पुरता ताबा तिला मिळाला आणि दरमहा खर्चाची रक्कम ठरली.

पुढची लढाई दोन गोष्टींची होती.

पहिली, लग्नाचा पुरावा. नवऱ्याच्या बाजूने सांगण्यात आलं की लग्नाचं प्रमाणपत्रच नाही. खरंच नव्हतं. सिंधमध्ये हिंदू विवाहांच्या नोंदणीचा कायदा २०१६ मध्ये आला. २०१३ च्या लग्नाचं प्रमाणपत्र आणणार कुठून? पण २०१७ पासूनच्या प्रत्येक व्हिसा अर्जात नवऱ्याने स्वतः तिला पत्नी म्हणून दाखवलं होतं, त्यावर त्याची सही होती, आणि ती कागदपत्रं सरकारी कार्यालयात होती. ती मागवावीत असा अर्ज केला. त्या अर्जानंतर हा मुद्दा पुन्हा निघाला नाही.

दुसरी, पासपोर्ट. कलम १९ (८) प्रमाणे न्यायालय स्त्रीधन आणि तिच्या हक्काचे मौल्यवान दस्तऐवज परत करायला सांगू शकतं. नवऱ्याने सांगितलं, हरवले. वकीलबाईंनी एवढंच मागितलं की कधी, कुठे, कसे हरवले ते त्याने शपथपत्रावर लिहून द्यावं, आणि त्याची प्रत नोंदणी अधिकाऱ्याकडे जावी. परदेशी नागरिकाने पासपोर्ट हरवल्याचं खोटं शपथपत्र देणं म्हणजे काय, हे त्याला कोणीतरी समजावलं असावं. पुढच्या तारखेला तीन पासपोर्ट न्यायालयात जमा झाले: तिचा आणि दोन्ही मुलांचे. आधार कार्डं चार दिवसांनी शेजारणीच्या दाराखालून आत सरकवलेली सापडली.

राहायचं कुठे

या प्रकरणातला सगळ्यात कठीण आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा. सवयीप्रमाणे आम्ही निवारागृहाचा विचार करत होतो. शक्ती सदनात, म्हणजे सरकारी योजनेतल्या निवारागृहात, जागा मिळू शकत होती. पण निवारागृहाचा पत्ता गुप्त ठेवायचा असतो, आणि परदेशी नागरिकाचा पत्ता नोंदवावा लागतो. कळवला नाही तर ती नियम मोडणारी ठरते. कळवला तर कुटुंबाच्या ज्या फाइलची दीर रोज चौकशी करतो, त्याच फाइलमध्ये तो पत्ता जातो. तात्पुरता मार्ग काढला: पत्रव्यवहारासाठी संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयाचा पत्ता, आणि नोंदणी अधिकाऱ्यांना लेखी विनंती की तिची पुढची कागदपत्रं कुटुंबाच्या फाइलपासून वेगळी ठेवावीत, न्यायालयाच्या आदेशाची प्रत सोबत. ती विनंती मान्य झाली. तिथल्या एका कर्मचारी बाईंनी तिला खुर्ची दिली, आणि अर्जाच्या खात्यावरचा मोबाइल क्रमांक बदलण्यासाठी नेमकं कोणतं पत्र लागतं ते समजावून सांगितलं. ज्या कार्यालयाची तिला सर्वांत जास्त भीती होती, तिथेच तिचं सगळ्यात अडलेलं काम झालं.

पण कायमचं उत्तर निवास आदेशात होतं. कलम १७ प्रमाणे सामायिक घरात राहण्याचा हक्क स्त्रीला आहे, घर कोणाच्याही नावावर असो. कलम १९ प्रमाणे न्यायालय प्रतिवादीला घराबाहेर जायला सांगू शकतं. फक्त स्त्रीविरुद्ध असा आदेश देता येत नाही, म्हणजे सासू त्याच घरात असती तर तिला बाहेर काढता आलं नसतं. सुदैवाने सासू-सासरे थोरल्या मुलाकडे, दोन गल्ल्या सोडून राहत होते. भाड्याच्या दोन खोल्यांत फक्त हे चौघे. ती तिथेच राहिली तर व्हिसावरचा पत्ता तोच, मुलीची शाळा तीच, मशीन तिथेच, साड्या देणारे दुकानदार तेच. अंतरिम निवास आदेश जूनच्या अखेरीस मिळाला. भाडं नवऱ्याने भरायचं असंही त्यात होतं. परत जाताना कुलूप बदललं, दाराला आतून साखळी लावली, घरमालकाला आदेशाची प्रत दिली आणि पोलीस ठाण्यातही दिली. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे त्या प्रतीवर लाल शाईने खूण करून ठेवलं.

नवऱ्याने आदेश एकदा मोडला. शाळेसमोर उभा राहिला, मुलीचा हात धरला. ठाण्यात नोंद झाली, त्याला बोलावून ताकीद दिली गेली. तेव्हाही तिने पुढे गुन्हा चालवायला नकार दिला.

समाज

मुखींनी, म्हणजे सिंधी पंचायतीच्या प्रमुखांनी, निरोप पाठवला: पंचायतीत बसून मिटवू, बाहेर कशाला. हा निरोप धमकीचा नव्हता. बोलावणाऱ्यांमध्ये अशी माणसं होती ज्यांच्या घरी १९४७ च्या कहाण्या अजून सांगितल्या जातात, आणि ज्यांनी या नव्या कुटुंबांना खोली, काम, हमी सगळं दिलं होतं. त्यांना भीती होती की एका प्रकरणाने पन्नास घरांचे कागद अडतील. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, पण तिची किंमत एका बाईच्या मानेने का मोजायची, हे मी त्यांना विचारलं.

ती गेली, पण एकटी नाही आणि काही लिहून देण्यासाठीही नाही. न्यायालयात प्रकरण चालू आहे, तिथला आदेश आहे तसाच राहील, एवढं सांगून आली. नवऱ्याच्या चुलत मामाने त्याच बैठकीत सांगितलं की मी हमी काढून घेतो. तो घाव वर्मी लागणारा होता, कारण नूतनीकरणाची तारीख जवळ येत होती.

हमी दिली ती समाजातल्याच एका वयस्क बाईंनी. त्यांची सासू सिंधमधल्या शिकारपूरहून आली होती, त्या स्वतः जळगावात जन्मलेल्या, कापडाचं छोटं दुकान चालवणाऱ्या. त्यांनी अट एकच घातली: मुलीची शाळा सोडवायची नाही. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे, नागरिकत्वाची अट न घालता, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. पण बाईंना कायद्याची नाही, घरच्यांच्या निर्णयाची काळजी होती. न्यायालयाने पुढची सुनावणी कलम १६ प्रमाणे बंद दालनात घेण्याची विनंती मान्य केली, त्यामुळे तारखेला वस्तीतली माणसं मागच्या बाकांवर येऊन बसणं थांबलं. तिच्या जबाबात त्या दिवसानंतर फरक पडला. वाक्यं पूर्ण होऊ लागली.

आजची स्थिती

तिचा आणि मुलांचा नूतनीकरणाचा अर्ज आता तिच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर आहे. बँकेत खातं उघडलं. फॉल-पिकोचे पैसे तिथे येतात. एका दुकानदाराने अजून नवऱ्याच्या फोनवर पैसे पाठवणं सोडलेलं नाही, त्याच्याशी बोलणं चालू आहे. खर्चाची रक्कम तीन महिने आली, मग थांबली. नवरा पगारावर काम करतो, म्हणून कलम २० (६) प्रमाणे मालकाने ती थेट पगारातून न्यायालयात जमा करावी असा अर्ज दिला आहे. मालकाला नोटीस गेली आहे.

इंदूरला जाण्याचा विचार तिने तूर्त बाजूला ठेवला. भावाची फाइल सुटली तर पुन्हा बोलू, म्हणाली. गळा दाबल्याबद्दल तक्रार करायची का, हा प्रश्न ती अधूनमधून स्वतःच काढते, आणि प्रत्येक वेळी आम्ही उरलेली मुदत सांगतो.

मुलगी मराठी माध्यमात सातवीत आहे. घरी येणारी प्रत्येक नोटीस आता तीच आईला वाचून दाखवते, आणि हे आम्हाला बरं वाटत नाही. अकरा वर्षांच्या मुलीने बापाविरुद्धचे कागद वाचू नयेत. म्हणून आठवड्यातून एकदा शेजारणीची थोरली मुलगी आईला देवनागरी शिकवायला येते. जोडाक्षरं सुरू झाली आहेत. तोवर न्यायालयाचं टपाल आमच्या केंद्राच्या पत्त्यावर घ्यायचं ठरलं आहे.